तोंड बंद, मन चालू

३ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच कचऱ्यात टाकलं नसशील असं धरून लिहिते. दोन वर्षं चार महिने आपण बोललेलो नाही, तेव्हा ‘कसा आहेस’ वगैरे विचारून तुला पहिल्याच ओळीत खोटं बोलायला लावत नाही. फोन केला असता; पण फोनवर तू मध्ये बोलतोस, आणि मला मध्ये बोललेलं खपत नाही हे तुला जन्मापासून माहीत आहे.

काम आहे. आमच्या फाउंड्रीच्या चौकशी समितीचा तुला फोन येईल. गोड आवाजाचे एक गृहस्थ विचारतील, ‘सात वर्षांचे असताना तुम्ही घरामागच्या पाण्याच्या टाकीच्या कुजक्या झाकणावर चालत गेला होता का? आणि बहिणीने ओरडून तुम्हाला थांबवलं होतं का?’ तू ‘हो’ म्हणायचं आणि फोन ठेवायचा. आपल्या घराण्याचा इतिहास सांगत बसू नकोस, ते लिहून घेतील.

फाउंड्रीला तुझ्या टाकीचं काय पडलंय, ते सांगते.

मी टोप घालून काम करते हे तुला माहीत आहे. टोप आला तेव्हा आपण बोलत होतो, आणि तू अर्धा तास हसला होतास. छताला टांगलेला तो मोठा यांत्रिक हात माझ्या मनाने चालतो. आम्ही सगळे त्याला जाऊबाई म्हणतो. एकाच घरात राबायचं आणि तिच्या पोटात काय आहे ते कधी कळायचं नाही. ‘उचल’ असं मी मनात आणलं की ती दोनशे किलोचं कास्टिंग उचलते. फाटकापाशी भलंमोठं चित्र लावलंय: मेंदूचे डॉक्टर, संगणकवाले, केसाहून बारीक तारा बनवणारे आणि यंत्रवाले असे चौघं हातात हात घालून उभे, खाली लिहिलंय ‘चार विद्यांचा संगम’. चार विद्या एकत्र आल्या आणि त्यांना टेकायला जागा सापडली ती माझ्या डोक्यावर. त्यांच्यापायी केसांना तेल लावायचं नाही, आणि काम करताना दातांत रबराचा तुकडा धरायचा. जबडा हलला की मनाच्या खुणा गढूळ होतात म्हणे. भिंतीवर हातभर अक्षरांत पाटी आहे: तोंड बंद, मन चालू. माझं तोंड बंद करायला चार विद्या लागल्या हे आईने ऐकलं असतं, तर तिने त्या चौघांना जेवायला बोलावलं असतं.

आता मुद्दा. टोपवाल्या प्रत्येकाला एक ‘थांब-विचार’ ठरवून द्यावा लागतो. संकट आलं की तो विचार मनात आणायचा, यंत्र जागच्या जागी गोठतं. विचार असा हवा की मन आपोआप मागे ओढलं जाईल. शेजारच्या टोपवाल्याने ‘सासरे न कळवता राहायला आले’ हा निवडलाय. त्याचं यंत्र आजवर एकदाही चुकलेलं नाही. मी तुला निवडलं. तू त्या झाकणावर, हातात काठी, पाठमोरा, पायाखाली लाकूड करकरतंय, आणि मी अकरा वर्षांची, घसा फाटेस्तोवर ‘थांब!’ पहिल्याच चाचणीत शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले. शाळेत कधी मिळाले नव्हते.

सतरा जानेवारीला सकाळी मी पंपाचं कवच उचलून गाड्यावर ठेवत होते. खाली साखळीवाले मामा होते. तुला आठवत असतील; आपली लिफ्ट बंद असताना आईला पाठीवर घेऊन तीन जिने उतरले होते ते. बत्तीस वर्षं कास्टिंगला साखळ्या बांधतायत. गाड्यावरची लाकडी पाचर सरकली होती, ती नीट करायला मामा पिवळी रेघ ओलांडून आत आले. मी त्यांना पाहिलं. थांब-विचार केला. जाऊबाई थांबली नाही. मामांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

लाल बटण आहे, नाही असं नाही. ते खांबावर आहे, माझ्यापासून बारा पावलांवर. मन असताना बटण जवळ कशाला, असं आमच्या साहेबांचं धोरण.

यंत्राच्या नोंदीत माझी थांबायची खूण सापडत नाही. म्हणून साहेबांचं म्हणणं असं, की मी मामांना पाहिलंच नसणार. तेवढं मी लिहून द्यावं. म्हणजे यंत्र निर्दोष, मी निर्दोष, आणि पिवळी रेघ ओलांडणारा पाय दोषी. दोषी पायाला फाउंड्री औषधपाणी करत नाही, आणि त्या पायाच्या मालकाला निवृत्तीचं काही देत नाही. मामांची दीड वर्षं उरली होती. सुनावणी चोवीस तारखेला आहे.

मी असलं काही लिहून देणार नाही. यंत्र बिघडलंय हे मी त्यांच्या तोंडावर सिद्ध करणार आहे. त्यासाठी माझा थांब-विचार खराखुरा होता हे आधी ठरायला हवं, आणि त्याचा जिवंत साक्षीदार तू एकटा. टाकी कधीच पाडली.

तुझा खोकला कसा आहे? सहज आलं हाताखालून. उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही.

ताई


११ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. ‘फोन आला. हो म्हणालो. पण मी सात नाही, सहा वर्षांचा होतो. मामा कसे आहेत?’ दोन वर्षं चार महिन्यांनी चार वाक्यं, त्यातलं एक माझी चूक काढायला. प्रकृती उत्तम दिसते.

मामांकडे काल इस्पितळात गेले होते. खाटेवर उशीला टेकून बसले होते, मामी शेजारी स्टुलावर. मला बघून म्हणाले, ‘ये गं कात्री, बस. पायाशी बसलीस तरी चालेल, जागा भरपूर आहे.’ (फाउंड्रीत मला कात्री म्हणतात. का ते तुला सांगायला नको.)

‘जरा गप्प बसा हो,’ मामी म्हणाल्या. ‘सकाळपासून हेच चाललंय. एकदा डॉक्टर हसले, तेव्हापासून ह्यांना चेव आलाय.’

मी म्हटलं, ‘मामा, यंत्र बिघडलं होतं. मी समितीपुढे दाखवून देणार आहे.’

‘दाखव की. पण रेघ मी ओलांडली, त्याला काय नाही म्हणू?’

‘कशाला ओलांडलीत? बत्तीस वर्षं झाली, अजून पिवळा रंग ओळखता येत नाही?’

‘आता खरं सांगू? तो सासरेवाला टोपात असता ना, तर मी रेघेच्या चार हात बाहेर उभा असतो. त्याचं यंत्र थांबतं, पण त्याचं लक्ष नसतं. तू होतीस. मी वर बघितलं. तू माझ्याकडेच बघत होतीस. म्हटलं, हिने पाहिलं, आता काळजी नाही.’

मामी मला सोडायला दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, ‘तू ह्यांना पाहिलंच नाहीस असं लिहून देणार आहेस, असं ऐकलं.’

‘नाही मामी. कुणी सांगितलं?’

‘तुमचे साहेब सफरचंदं घेऊन आले होते. सफरचंदं ठेवली आणि सांगितलं.’ मग माझा हात दाबून म्हणाल्या, ‘तू नाही म्हणालीस ना, मग झालं.’

माणसं इतक्या चटकन विश्वास ठेवतात की चिडच येते.

समितीने आता माझे सकाळचे फॉर्म मागवले आहेत. टोप घालण्याआधी रोज एक फॉर्म भरतो आम्ही, पाच प्रश्नांचा. झोप झाली का. पोट साफ झालं का. डोकं दुखतं का. घरून भांडून आलात का. आणि पाचवा: आपल्या थांब-विचारातल्या व्यक्तीबद्दलच्या भावनेत काही बदल झाला आहे का. पहिल्या दोन प्रश्नांना हो, उरलेल्या तिन्हींना नाही. झोपेतही भरता येतो, आणि आमच्यातले निम्मे तसाच भरतात. मागवू देत. माझे सगळे फॉर्म स्वच्छ आहेत.

त्या पाचव्या प्रश्नाचं तुला उगाच लिहिलं. खोडलं तर तू उजेडात धरून वाचशील, म्हणून राहू देते.

ताई


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

काल चाचणी झाली. समितीला दाखवण्याआधी घरातल्या घरात बघून घेऊ, असं साहेब म्हणाले. शेड रिकामी केली. गाड्याशेजारी वाळूचं पोतं उभं केलं होतं आणि त्याला मामांचं हेल्मेट घातलं होतं. ही कल्पना कुणाची, असं मी विचारलं. कुणी हात वर केला नाही.

टोप बसवायला जी मुलगी येते तिला आम्ही डोकंवाली म्हणतो. पंचविशीची असेल. हात थंडगार, पण मन लावून काम करते. तिने माझ्या केसांतून तारा बसवल्या, मी दातांत रबर धरलं, जाऊबाईने कवच उचललं. डोकंवालीने हात वर केला: थांब.

मी तुला आणलं. टाकी, काठी, तुझी पाठ.

हेल्मेटचे दोन तुकडे झाले.

मी म्हटलं, पुन्हा. दुसऱ्यांदा पोतं फाटलं. तिसऱ्यांदा वाळू साहेबांच्या बुटांवर आली, आणि डोकंवाली म्हणाली, ‘काकू, पुरे.’ तिने पडदा माझ्याकडे फिरवला. ‘हे बघा. थांबायचा विचार आला की ही रेघ खाली ओढली जाते. तुमची वर उसळतेय. यंत्र बरोबर वाचतंय. तुम्ही त्याला जा म्हणताय.’

‘मी थांब म्हणतेय. मराठी कळतं मला.’

‘शब्द त्याला कळत नाहीत, काकू. चित्रही दिसत नाही. चित्र आलं की मनाला जो हिसका बसतो, तेवढाच कळतो. साडेतीन वर्षांपूर्वी तो मागे ओढणारा होता. आता ढकलणारा आहे.’ मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘त्या मुलाशी तुमचं काही झालंय का?’

‘तो मुलगा चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि लिफ्ट दुरुस्त करतो.’

‘मी वय नव्हतं विचारलं.’

आई म्हणायची, मन चिंती ते वैरी न चिंती. ती हे काळजी करणाऱ्यांना म्हणायची. ते कुणी तारा लावून वाचून दाखवेल असं तिला कुठलं वाटायला!

आता तुला जे माहीत आहे तेच लिहिते, कारण ते मी कधी लिहिलेलं नाही. आईला पोचवून आलो त्या दुपारी तू बॅग घेऊन जिन्यात उभा होतास. मी वरून म्हटलं, ‘जा. आणि वळून बघू नकोस.’ तू वळला नाहीस. उभ्या आयुष्यात माझं तेवढं एकच ऐकलंस. तेव्हापासून तू त्या झाकणावर चालायला लागलास की पाठ ती जिन्यातली दिसते. काठीच्या जागी बॅग येते. लाकूड करकरतं, आणि माझ्या आतून कुणीतरी म्हणतं, जा, पड.

हे मला काल कळलं असं लिहिणार होते. तसं वाक्य लिहूनही झालं होतं, म्हणून हे पान नवीन घेतलंय.

मला हे दोन वर्षांपासून ठाऊक आहे. दर महिन्याला चाचणी असते, शिटी वाजली की थांबवून दाखवायचं. आई गेल्यानंतर माझे गुण घसरायला लागले. नव्वद, ऐंशी, बहात्तर. सत्तरच्या खाली गेलं की टोप काढून घेतात. आणि टोप काढला की मी कोण? वाळू चाळणारी बाई. अख्ख्या फाउंड्रीत टोप घालणारी बाई मी एकटी, याचं तुला काही नसेल पण मला फार आहे. म्हणून मी कॉपी करायला लागले. शिटी कधी वाजणार ते आधीच माहीत असायचं. तेव्हा तुला बाजूला सारून, एकदा तापलं लोखंड उडून पावलावर पडलं होतं ते आठवायचं. पुन्हा पंचाण्णव. आणि सकाळी पाचव्या प्रश्नापुढे ‘नाही’.

सतरा जानेवारीला शिटी वाजली नाही. मामा आले, आणि मनाने न विचारता आपला पहिला धडा उघडला.

साहेबांनी बूट झाडले आणि म्हणाले, ‘ही चाचणी आपण केलेली नाही.’

‘मग पोतं कशाने फाटलं?’

‘कुठलं पोतं?’ त्यांनी खिशातून टंकलेला कागद काढला. एकच ओळ: मी त्यांना पाहिले नाही. ‘हे बघा बाई, पाहिलं म्हणालात की पुढचा प्रश्न आला, थांबवलं का नाही. त्याचं उत्तर आत्ता या पडद्यावर आहे. तुमचा टोप जाईल, नोकरीही जाऊ शकते. आणि पाय काही परत येणार नाही.’

डोकंवाली तारा गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही. तिलाही नोकरी आहे.

कागद माझ्या पर्समध्ये आहे. यंत्र बिघडलंय हे सिद्ध करायला निघालेली मी. यंत्राइतकं शहाणं त्या शेडमध्ये कुणी नव्हतं.

लिफ्टमध्ये माणसं अडकली की तुला बोलावतात ना? आत अडकलेली माणसं काय करतात? मी ऐकलंय की आधी सगळी बटणं दाबतात.

ताई


२२ फेब्रुवारी

धाकट्या,

परवा सुनावणी. साहेबांच्या कागदावर अजून सही केलेली नाही. पेनाचं टोपण उघडून तीनदा बसले. चौथ्यांदा बसले ती हे पत्र लिहायला.

मागच्या पत्रात मी जिन्यापासून सुरुवात केली. जिन्याच्या आधीचं तुलाही माहीत आहे आणि मलाही. पण मला माहीत आहे हे मी कधी कबूल केलेलं नाही.

तू मंगळवारी फोन केला होतास. म्हणालास, ‘आज संध्याकाळीच निघतो.’ मी म्हटलं, ‘एवढी घाई कशाला? बरी आहे ती. शनिवारी ये सावकाश.’

ती बरी नव्हती. डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते, दोन दिवस, फार तर तीन.

आठ महिने मी तिचं अंथरूण बदललं, तिला कूस बदलून दिली, तिच्या शिव्या खाल्ल्या. तू दारातून आत येशील आणि ती तुला बघून हसेल, हे मला दिसत होतं. माझ्याकडे बघून ती फक्त पाणी मागायची. मला ते दोन दिवस एकटीला हवे होते. यापेक्षा मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, पण शोधूनही सापडत नाही. बुधवारी ती म्हणाली, ‘धाकटा?’ मी म्हटलं, ‘त्याला काम आहे.’ गुरुवारी सकाळी ती गेली.

मग सगळे जमले. मावशी तुला तोंडावर म्हणाली, ‘आई मरत होती आणि ह्याला लिफ्ट महत्त्वाची.’ तू काही बोलला नाहीस. माझ्याकडे पाहिलंस. मीही तुझ्याकडेच बघत होते.

माझ्या तोंडात तेव्हा रबर नव्हतं.

तू एक शब्द बोलला असतास तर सगळ्यांपुढे मी उघडी पडले असते. तू बोलला नाहीस, आणि ते मला सहन झालं नाही. तासाभराने तुला जिन्यात जा म्हटलं. तुझ्यावर राग धरला नसता तर तो कुणावर धरला असता? घरात दुसरं कोण होतं?

मामा म्हणतात, रेघ मी ओलांडली. तूही तसाच गेलास, गुन्हा आपलाच असल्यासारखा, मान खाली घालून. दोघांनीही आधी वर बघितलं होतं. मी बघतेय ना, तेवढं बघितलं होतं.

मावशीला पत्र लिहून सगळं कळवलं. ते आजच टाकलं, म्हणजे उद्या माझा विचार बदलला तरी उपयोग नाही.

ताई


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

सांगितलं.

मोठ्या टेबलापलीकडे पाच जण होते, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, एकीचंही झाकण उघडलेलं नाही. साहेबांनी मागितला तसा मी पर्समधून तो टंकलेला कागद काढला. त्यातल्या ‘नाही’वर काट मारली आणि सही केली. एकच शब्द खोडावा लागला. कागद वाया गेला नाही याचं साहेबांनी समाधान मानायला हरकत नव्हती, पण मानलं नाही.

गोड आवाजाचे गृहस्थ म्हणाले, ‘म्हणजे यंत्रात दोष नाही?’

‘नाही.’

‘मग दोष कशात आहे, असं आपलं म्हणणं आहे?’

‘फॉर्मच्या पाचव्या प्रश्नात. दोन वर्षं रोज खोटं लिहिलंय मी त्यात. आणि महिन्याच्या चाचणीत कॉपी केलीय.’

टोकाचे एक जण म्हणाले, ‘भावाबहिणीचं भांडण ही घरगुती बाब आहे. ती नोंदीत कशाला?’

‘साहेब, पाय घरगुती नव्हता.’

तेव्हा त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं. मी पोत्याच्या चाचणीचंही सांगितलं, म्हणून डोकंवालीला विचारलं, ती झाली होती का. ती साहेबांकडे बघेल असं मला वाटलं होतं. तिने पर्समधून मामांच्या हेल्मेटचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. पोरीने तो जपून ठेवला होता! साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकीबाहेर भिंत आहे.

निकाल असा. मामा पाचर नीट करायला आत गेले, ते कामाच्या ओघात गेले. त्यांचं औषधपाणी आणि निवृत्तीचं सगळं फाउंड्रीने करायचं. लिहिलंय तरी तसं. हातात पडेल तेव्हा मामी मला कळवणार आहेत. माझा टोप काढून घेतला. नोकरी आहे, वाळू चाळते. केसांना तेल लावता येतं. चाळणीपाशी बसलं की जाऊबाई डोक्यावरून जाते, आता त्या सासरेवाल्याच्या मनाने. ती जवळ आली की मी अजून अंग चोरते.

फॉर्ममध्ये सुधारणा झाली. सहावा प्रश्न आलाय: पाचव्या प्रश्नाचे उत्तर खरे आहे का? हो किंवा नाही.

मावशीचा फोन आला. अर्धा तास मला वाट्टेल ते बोलली, मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, ‘मला तेव्हाच शंका आली होती गं. पण तू रडत नव्हतीस, आणि मला कुणावर तरी ओरडायचं होतं.’ तुला पत्र लिहिणार आहे म्हणाली. तिचं अक्षर लागत नाही, माहीतच आहे; क्षमा मागितली असेल असं धरून चाल.

काल मामांकडे गेले. सगळं सांगायला गेले होते, टाकी, जिना, कॉपी. समितीला सांगणं सोपं होतं, ते पाच अनोळखी. वॉर्डाच्या दारातून बघते तर मामा कुबड्या घेऊन बोळातून चालत येत होते. पहिलाच दिवस. मामी मागे, हात पुढे करून. आणि मध्येच फरशी नुकतीच पुसलेली, ओली, चकचकीत. बादली भिंतीशी तशीच. मामांचं लक्ष माझ्याकडे होतं. हसत होते. कुबडी ओल्या फरशीवर टेकणार, एवढ्यात मी ओरडले, ‘थांबा!’

अख्खा बोळ थांबला. परिचारिका थांबली, चहाची गाडी थांबली, खाटेवर कण्हणारे एक आजोबा कण्हायचे थांबले. मामा एका पायावर, कुबडी हवेत, जागच्या जागी. मामींनी मागून त्यांना धरलं.

मामांनी खाली पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, ‘काय गं कात्री! एवढा आवाज होता, तर त्या दिवशी ते रबर थुंकून टाकायचंस.’

ते हसले. मामी हसल्या नाहीत.  त्या दिवशी मामा रेघेच्या आत आले, मी त्यांना पाहिलं, रबर दातांत घट्ट धरलं आणि नियमाप्रमाणे मनात विचार केला. तोंड उघडायचं मला सुचलंच नाही. मग मामांना खुर्चीवर बसवलं आणि बाकीचं सगळं सांगितलं. त्यांनी कुबड्या भिंतीला टेकवून ठेवल्या. मग मामींना म्हणाले, ‘हिला चहा दे.’ याचा अर्थ काय लावायचा ते तू ठरव, मी घेतला.

रविवारी सकाळी दहाला मी तुला फोन करणार आहे. नाही उचललास तर समजेन. उचललास, तर मी आधी बोलायला सुरुवात करीन, सवयीप्रमाणे मीच बोलत राहीन.

तू मध्ये बोल.

ताई